तुर्भ्याहून अंकोरास

मुंबईच्या पूर्व कांठावर, खाडीला लागून जें तुर्भें गांव आहे व ज्यास बाहेरचें जग ट्रॉम्बे या नांवानें ओळखतें, तेथें आमच्या कुटुंबाचें वास्तव्य पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे. खाडीपलीकडे नव्या मुंबईंतहि एक तुर्भें आहे; तें हें नव्हे. आमचे थोरले बंधु (घरांतील लहानथोर सारे त्यांस दादा म्हणतात) येथील अणुसंशोधन केंद्रांत नकाशे काढण्याच्या कामावर १९७० सालीं लागले व २००८ सालीं निवृत्त झाले. या केंद्रांतील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं सुरू झाली. ती पाण्याच्या खोल हौदांत बुडविलेली असे, व चालू असतांना त्या पाण्यांत निळा प्रकाश दिसे. पंडित जवाहरलाल नेहरूंनीं १९५७ च्या जानेवारींत तिचें नांव 'अप्सरा' ठेवलें. ती जुनी अप्सरा २००९ सालीं बंद झाली, व २०१८ च्या सप्टेंबरांत नव्या बांधणीची अप्सरा सुरू झाली. दादांनीं तो निळा प्रकाश नोकरींत असतांना एकदां प्रत्यक्ष पाहिला होता, आणि त्याचें वर्णन ते नातवंडांस अजून सांगतात.

आम्ही शाळेंत संस्कृत शिकविलें. शब्दाची फोड सांगण्याची खोड निवृत्तीनंतरहि जात नाहीं. 'अप्' म्हणजे पाणी. अप्सरा म्हणजे पाण्यांतून आलेली. क्षीरसागराच्या मंथनांतून त्या निघाल्या अशी पुराणांतरीं कथा आहे. एके दिवशीं जेवणानंतर हें सांगतां सांगतां आम्ही सहज बोलून गेलों कीं, तें मंथन दगडांत कोरलेलें पाहावयाचें असेल तर कंबोडियांत, अंकोरच्या देवळांत पाहावें. दादा म्हणाले, "मग चल, पाहूं या." दादांचें वय तेव्हां शहात्तर होतें.

घरांत अर्थातच वाद झाला. दादांस रक्तदाबाचा विकार, उजवा गुडघा दुखरा, आणि तो देश उष्ण. सुनांचें म्हणणें असें कीं, पंढरपूरला जातांना ज्यांची इतकी काळजी घ्यावी लागते त्यांना समुद्रापलीकडे नेण्यांत शहाणपण नाहीं. वहिनी मात्र म्हणाल्या, "आयुष्यभर त्यांनीं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. एक इमारत त्यांना त्यांच्यासाठीं पाहूं द्या." या बोलण्यावर कोणाजवळ उत्तर नव्हतें. शेवटीं दादा, वहिनी, आमच्या सौभाग्यवती, आम्ही आणि दादांचा धाकटा मुलगा अशीं पांच माणसें २०२५ च्या जानेवारींत निघालों. आमच्यासारख्या दुसऱ्या कुटुंबांस उपयोगी पडावें म्हणून त्या प्रवासाची माहिती, आमच्या हातून झालेल्या चुकीसह, येथें देत आहों.

प्रथम ऋतूचा विचार. कंबोडियांत वैशाखापासून आश्विनापर्यंत, म्हणजे सुमारें मे ते ऑक्टोबर, पाऊस असतो. मार्च-एप्रिलांतील उष्मा आपल्या विदर्भांतील उन्हाळ्याची आठवण करून देणारा असतो, आणि त्यांत दमटपणाची भर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच वृद्धांस सोसण्याजोगा काळ होय. परंतु येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे : तेथील हिंवाळा हा केवळ नांवाचा हिंवाळा. पहांटे सुखद गारवा असतो खरा, पण दहा वाजले कीं ऊन चटके देऊं लागतें. हें आम्ही वाचलें होतें, तरी मनांत धरलें नाहीं; त्याचें फळ पुढें मिळालें.

कागदपत्रांविषयीं. परतीच्या दिवसापासून नव्हे, तर तेथें पोंचण्याच्या दिवसापासून पुढें निदान सहा महिने पारपत्राची मुदत असावी. प्रवासी परवाना घरून संगणकावर काढतां येतो, अथवा विमानतळावर उतरल्यावर ३० डॉलर भरून मिळतो. घरून काढावयाचा असल्यास सरकारी ठिकाणींच अर्ज करावा. सरकारी वाटावें असें रूप घेऊन दुप्पट-तिप्पट पैसे उकळणारे मध्यस्थ बरेच आहेत, व आमच्या पुतण्याचा पहिला अर्ज अशाच एका ठिकाणीं जातां जातां राहिला. शिवाय १ सप्टेंबर २०२४ पासून विमानानें येणाऱ्या प्रत्येकानें आगमनाची माहिती संगणकावर आगाऊ भरणें सक्तीचें झालें आहे. त्यास शुल्क नाहीं. वृद्ध माणसांसाठीं विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते. ती तिकीट काढतांनाच सांगून ठेवावी. दादांस आरंभीं ती खुर्ची कमीपणाची वाटली. बँकॉकच्या विमानतळावर दुसरें विमान गांठण्यासाठीं किती चालावें लागतें हें पाहिल्यावर ते निमूटपणें तींत बसले.

नाण्याविषयीं. तेथें रिएल हें नाणें आहे व एका डॉलरास सुमारें ४००० रिएल मिळतात. परंतु व्यवहार सर्रास अमेरिकन डॉलरांत चालतो. नोटा स्वच्छ व धड असाव्यात. किंचित फाटलेली किंवा शाई लागलेली नोट दुकानदार परत करतात. एक व पांच डॉलरांच्या नोटा भरपूर जवळ ठेवाव्यात, कारण मोठ्या नोटेची मोड सर्वत्र मिळत नाहीं.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत आधीं निघतो. कंबोडियन स्वयंपाकांत मासा मुबलक, आणि माशाचें खारें पाणी तर भाजींतहि पडतें. म्हणून नुसतें "मांस नको" म्हणून भागत नाहीं. "मासा नको, माशाचें पाणीहि नको" असें स्पष्ट सांगावें लागतें. अंकोर पाहण्यासाठीं जेथें उतरावयाचें त्या सिएम रीप गांवांत हिंदी पद्धतीचीं भोजनगृहें आहेत, त्यामुळें उपाशी राहण्याचा प्रसंग येत नाहीं. तरी वहिनींनीं मेतकूट, भाजके पोहे, दशम्या, लिंबाचें लोणचें आणि पाणी तापविण्याची विजेची किटली बरोबर घेतली होती. तेथें भात उत्तम मिळतो. गरम भात, मेतकूट आणि लिंबू मिळाल्यावर परदेश अर्धा स्वदेश होतो असा आमचा अनुभव आहे. पाणी नेहमीं सीलबंद बाटलीचेंच प्यावें. शहाळीं मुबलक आहेत.

सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरांत सुरू झाला. तो गांवापासून तासाभराच्या वाटेवर आहे, तेव्हां मोटारीची सोय आगाऊ करावी. तेथील घड्याळ आपल्याहून दीड तास पुढें चालतें. लोक सौम्य व हंसतमुख. नमस्कार आपल्यासारखाच, दोन्ही हात जोडून. भाषा निराळी, पण कान देऊन ऐकणारास जागोजाग आपले शब्द भेटतात. शाळेस ते 'साला' म्हणतात, ती आपली शाला. मास्तरास 'क्रू' म्हणतात, तो आपला गुरु. अंकोर हें नांवच 'नगर' शब्दाचें रूप आहे. आम्ही शिक्षक होतों असें पुतण्यानें आमच्या मोटारवाल्यास सांगितलें, तेव्हांपासून तो आम्हांस 'लोक क्रू' म्हणूं लागला.

आतां देवळांच्या प्रवेशपत्राविषयीं. एका दिवसाचें ३७ डॉलर, तीन दिवसांचें ६२, सात दिवसांचें ७२ असा दर आहे. बारा वर्षांखालील मुलांस शुल्क नाहीं, मात्र त्यांचें पारपत्र दाखवावें लागतें. तीन दिवसांचें प्रवेशपत्र दहा दिवसांच्या मुदतींत कोणत्याहि तीन दिवशीं वापरतां येतें. ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. आम्हांस तिनेंच तारलें. पोशाखाचा नियम असा कीं, स्त्रीपुरुष दोघांचेहि खांदे व गुडघे झांकलेले असावेत. वरच्या गाभाऱ्याच्या माथ्यावर चढतांना हा नियम कडकपणें पाळला जातो, व उघड्या खांद्यावर नुसती ओढणी टाकून चालत नाहीं. भिक्षूंस स्त्रियांनीं स्पर्श करूं नये, आणि लहान मुलाच्या सुद्धां डोक्यावर हात ठेवूं नये. तेथें तो अनादर समजतात.

आम्ही शाळेंतले, वेळापत्रकावांचून आम्हांस करमत नाहीं. पहिल्या दिवसाची आंखणी आम्हींच केली होती : पहांटे पांचास अंकोर वाट, नंतर ता प्रोह्म, दुपारीं बायोन, सायंकाळीं सूर्यास्त. पुतण्या म्हणाला, "काका, दुपारीं परत येऊन विश्रांति घेऊं या." आम्ही म्हणालों, "एवढे पैसे भरून निजावयास आलों आहों काय?" दादा कांहीं बोलले नाहींत.

अंकोर वाट हें देऊळ राजा दुसरा सूर्यवर्मा यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत बांधविलें. तें मूळचें विष्णूचें, आतां तेथें बुद्धाची उपासना चालते. देवळाचें तोंड पश्चिमेस आहे व भोंवतीं सुमारें १९० मीटर रुंदीचा खंदक. आम्ही इतर सर्व जगाप्रमाणें पश्चिमेकडून अंधारांत आंत शिरलों. वेशींतच आठ हातांची मोठी विष्णुमूर्ति उभी आहे. गांवचे लोक तिला अजून फुलें-उदबत्त्या वाहतात. वहिनींनीं हात जोडले. सूर्योदय पाहिला, आणि पश्चिमेच्या ओवरींत गेलों. तेथें भिंतीवर एका बाजूस कुरुक्षेत्र व दुसऱ्या बाजूस लंकेचें युद्ध कोरलेलें आहे. शरपंजरीं पडलेले भीष्म आम्हीं दुरूनच ओळखले, व आमचें भान हरपलें. तास गेला तो समजला नाहीं. मग माथ्यावर चढण्याच्या रांगेंत आम्ही उभे राहिलों. त्या पायऱ्या फार उभ्या आहेत, एका वेळीं ठराविकच माणसांस वर सोडतात, आणि बौद्ध उपोसथाच्या दिवशीं माथा बंद असतो. दादा खालीं अंगणांत थांबले. आम्ही खालीं आलों तेव्हां नऊ वाजून गेले होते. समुद्रमंथन पूर्वेच्या ओवरींत आहे. "तें तिसऱ्या दिवशीं निवांत पाहूं" असें आम्हींच ठरविलें.

ता प्रोह्म हें ११८६ सालचें, सातव्या जयवर्म्याचें. प्रचंड वृक्षांनीं तें कवटाळलें आहे. त्याच्या दुरुस्तीचें काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानें हातीं घेतलें. त्यापूर्वीं १९८६ ते १९९३ या काळांत अंकोर वाटचीहि डागडुजी याच खात्यानें केली होती. तेथून बायोनला पोंचलों तेव्हां बारा वाजले होते. दगड तापले होते. दोन पायऱ्या चढून दादा थांबले, त्यांनीं भिंतीला हात टेकला, आणि पुतण्यानें धरलें नसतें तर ते खालीं पडले असते. चेहरा पांढरा पडला होता व शब्द लागत नव्हते.

मोटारवाल्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां आम्हांस एका दवाखान्यांत नेलें. शिरेंतून पाणी दिलें, दोन तासांनीं दादा बोलूं लागले. तेथील डॉक्टरांनीं विचारलें कीं, रक्तदाबासाठीं कोणती गोळी घेतां. दादांची एक गोळी लघवी वाढवून अंगांतील पाणी कमी करणारी होती. अशी गोळी घेणाऱ्या माणसास उन्हांत पाण्याचा तुटवडा लौकर भासतो, हें आम्हां कोणाच्या डोक्यांत आलें नव्हतें. वाचकांस आमची कळकळीची विनंति आहे कीं, वृद्ध माणसास उष्ण देशांत नेण्यापूर्वीं घरच्या डॉक्टरांस प्रत्येक गोळीविषयीं विचारावें, स्वतःच्या मतानें एकहि गोळी बंद करूं नये, औषधें व त्यांच्या चिठ्ठ्या हातांतील पिशवींत ठेवाव्यात, जलसंजीवनीच्या पुड्या जवळ बाळगाव्यात, आणि प्रवासाचा विमा अवश्य उतरावा. आम्हीं विमा उतरला होता, एवढीच एक शहाणपणाची गोष्ट त्या दिवशीं आमच्या पदरीं होती.

ती रात्र आम्हांस झोंप आली नाहीं. पुतण्या परत जाण्याचें म्हणत होता. आमच्या सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, "तुम्हांला देवळें किती पाहिलीं तें मोजावयाचें होतें. दादांना एकच पाहावयाचें होतें." पुढील दोन दिवस आम्ही कोठें गेलों नाहीं. दादा खोलींत पडून होते, वहिनी त्यांना भाताची पेज देत होत्या. प्रवेशपत्राचे दोन दिवस शिल्लक होते व मुदत सरली नव्हती. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं सकाळच्या वेळीं थोडें हिंडण्यास हरकत नाहीं असें सांगितलें.

या वेळीं वेळापत्रक दादांच्या पावलांवर बांधलें. अंकोर वाटेस पूर्वेकडूनहि वाट आहे. ती मातीची, झाडांच्या सांवलींतून जाणारी व गर्दीविरहित आहे, आणि समुद्रमंथनाची ओवरी त्याच बाजूस पडते. वृद्धांस घेऊन जाणारांनीं याच वाटेनें जावें. आम्ही सकाळींच निघालों. दादा काठी टेकीत, दर शंभर पावलांवर थांबत चालले. ओवरींत पोंचल्यावर खांबाच्या पायथ्याशीं दगडावर उपरणें पसरून ते बसले.

तें शिल्प सुमारें ४९ मीटर लांब आहे. वासुकीचें शरीर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ताणलेलें. एकीकडे असुर, दुसरीकडे देव, सारे एका लयींत मागें झुकलेले. मध्यें मंदर पर्वताशीं विष्णु, खालीं कूर्म. पाण्यांत मासे व मगरी. आणि वर, सबंध भिंतभर, फेंसांतून निघून उडणाऱ्या असंख्य लहान लहान अप्सरा. दादा बराच वेळ पाहत राहिले. नकाशे काढणाऱ्या माणसाची नजर. त्यांनीं पहिल्यानें दोरीच्या रेषेचें कौतुक केलें, कीं एवढ्या लांबींत ती कोठें चुकली नाहीं. मग वर पाहून म्हणाले, "आमच्या भट्टीचा उजेडहि असाच पाण्यांतून वर येई. नांव ठेवणारानें बरोबर ठेवलें." आम्हीं त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तूं बोलला नसतास तर मी येथें आलोंच नसतों. आतां ती छत्री धर, ऊन वाढतें आहे." साडेआठास आम्ही परत फिरलों.

शेवटच्या दिवशीं, पुन्हां सकाळींच, बान्ते स्राय पाहिलें. हें लहानसें, सपाटीवरचें, गुलाबी दगडाचें शिवालय वृद्धांस सर्वांत सोईचें. यज्ञवराह नांवाच्या राजगुरूनें तें उभारलें. कैलास हालविणारा रावण तेथील नक्षींत आहे. त्याची प्रतिष्ठा इसवी सन ९६७ मध्यें, म्हणजे शके ८८९ मध्यें झाली. येथें 'शके' हा शब्द आम्ही कौतुकानें वापरीत नाहीं. कंबुज देशाचे जुने शिलालेख संस्कृतांत व ख्मेर भाषेंत आहेत, आणि त्यांतील कालगणना आपल्या पंचांगांतील शकाचीच आहे. शके ६०५ चा एक ख्मेर लेख तर शून्याच्या अतिप्राचीन कोरीव खुणेसाठीं जगांत प्रसिद्ध आहे. त्यांतील शून्य म्हणजे एक टिंब. ज्या शकानें आपण संकल्प सोडतों व लग्नपत्रिका लिहितों, तो शक इतक्या दूरच्या दगडांवर पाहून घरचें माणूस भेटल्यासारखें होतें.

कांहीं सावधगिरीच्या सूचना. देवळांबाहेर रानांत आडवाटेनें शिरूं नये. जुन्या युद्धांतील भूसुरुंग दूरच्या भागांत अद्याप पूर्णपणें निघालेले नाहींत. डांस दिवसाहि चावतात व डेंग्यूचें भय असतें. अंगभर सुती कपडे व मलम असावें. २०२५ च्या जुलैंत, व पुन्हां डिसेंबरांत, थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली. तेव्हां निघण्यापूर्वीं आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना अवश्य पाहावी व सीमेलगतचीं ठिकाणें टाळावीं. तसेंच घरांतील तरुणांस बजावून ठेवावें कीं, कंबोडियांत मोठ्या पगाराची संगणकावरची नोकरी देतों म्हणणाऱ्या दलालावर विश्वास ठेवूं नये. अशा आमिषानें नेलेल्या माणसांस कोंडून त्यांच्याकडून जगाची फसवणूक करवून घेतात. २०२४ च्या मार्चपर्यंत सुमारें २५० भारतीयांस तेथून सोडवून आणावें लागलें.

जो राजधानी नॉम पेन्ह येथें जाईल त्यानें तुओल स्लेंग पाहावें, मात्र लहान मुलांस नेऊं नये. ती एके काळची शाळा. १९७५ ते १९७९ या काळांत ख्मेर रूज राजवटीनें तिचा तुरुंग केला. त्या चार वर्षांत १५ ते २० लक्ष माणसें मेलीं, व शिकल्यासवरलेल्यांस वेंचून मारलें. आमच्या मोटारवाल्याचे आजोबा गांवच्या शाळेंत 'क्रू' होते, ते परत आले नाहींत, असें त्यानें निरोपाच्या वेळीं सांगितलें. तो आम्हांस इतक्या आदरानें 'लोक क्रू' कां म्हणत होता हें तेव्हां समजलें, व पहिल्या दिवशींच्या आमच्या तोऱ्याची लाज वाटली.

सारांश इतकाच : वृद्धांस घरीं ठेवूं नये, न्यावें. पण दिवसाला एकच देऊळ, तें सकाळीं नवाच्या आंत, आणि दुपार खोलींत. राहिलेलीं देवळें राहूं द्यावीं. आम्हीं तिथें मोजून चार पाहिलीं, त्यांपैकीं दादांना आठवतात दोन. तुर्भ्यास परत आल्यावर दादांनीं त्या मंथनाचा नकाशा आठवणीनें कागदावर काढावयास घेतला आहे. वासुकीची रेषा साधली आहे; अप्सरा अजून काढावयाच्या आहेत.